नाचणी गच्चीवर, बिअर परळला

लालबाग, मुंबई
रविवार, सकाळची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्का हिस,

धाकट्या कमलचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून, उरलेला मनानं). तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? आंब्याला मोहर कितपत धरलाय, विहिरीनं तळ दाखवला का, आणि शेजारच्या नानांनी कुंपण परत चार बोटं आपल्या बाजूला सरकवलं का, ते सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही सुखरूप आहोत. ह्यांची साखर आहे तिथेच आहे, म्हणजे वरच. एरवी शामराव ठणठणीत. (नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून हसू नकोस. हल्ली कामाच्या ठिकाणी मला ते घ्यावंच लागतं. कसलं काम, ते पुढे येतंय.)

तू म्हणशील, घरात दोन दोन फोन असताना ही बया पत्र का लिहीत बसलीय. आक्का, फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे माझं अर्धं वाक्य होतंय तोच तू 'बरं, ठेवते' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. शिवाय मला जे सांगायचंय त्यात एक शब्द असा येणार आहे, की फोनवर ऐकलास तर फोन विहिरीत जाईल. म्हणून कागद बरा. पण काही झालं तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. ताजा कलमसुद्धा वाच. तुला ताजे कलम न वाचता चष्मा काढायची सवय आहे, ते मला ठाऊक आहे.

तर आपला वैभव. छत्तिसाव्या वर्षी, भर पगाराची कॉम्प्युटरची नोकरी सोडून, दुपारी साडेतीनला पाठीवरची बॅग घेऊन घरी आला. (परळच्या ज्या काचेच्या इमारतीत तो कामाला होता, तिथे पूर्वी ह्यांची गिरणी होती. बापही निवृत्तीआधीच तिथून घरी आला, लेकही आला. त्या फाटकातून पूर्ण नोकरी करून बाहेर पडणं आमच्या घराण्याच्या नशिबातच नाही.) मी विचारलं, आता पुढे काय? तो म्हणाला, बुद्धभूषणबरोबर ब्रुअरी काढतोय. नेमकी तेव्हाच खालच्या पटांगणात बँजो पार्टीची तालीम चालू होती, त्यामुळे मला ऐकू आलं बेकरी. आता बेकरी म्हटल्यावर कुठल्या आईचा जीव थंड होणार नाही? मी पेढे आणले, तिन्ही मजल्यांवर वाटले. वैभव मान खाली घालून होता, मला वाटलं विनय. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितीनं लेकीच्या वाढदिवसाचा केक सांगून ठेवला. चाळ कमिटीचे सेक्रेटरी अजित यांनी तर गणपतीत कार्यकर्त्यांना पाव सवलतीत मिळावेत असा ठरावही करून घेतला, एकमतानं.

हा बुद्धभूषण म्हणजे वैभवचा कॉलेजपासूनचा मित्र, नायगावच्या बीडीडी चाळीतला. उंच, मितभाषी, सूक्ष्म जंतूंच्या विषयातल्या दोन पदव्या घेतलेला. त्याच्या आईकडची मुरबाडच्या पुढे तीन एकर जमीन आहे, तिथे तो भात आणि नाचणी करतो. शेणखत सोडून जमिनीला दुसरं काही दाखवायचं नाही हा त्याचा हट्ट. पंधरवड्यानं तो चहाला आला, तेव्हा मी कौतुकानं विचारलं, "काय रे, भट्टी कुठे लावणार?"

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, भट्टी नाही लावणार. हातभट्टी बेकायदेशीर असते. आमच्या स्टीलच्या टाक्या आहेत, रीतसर परवाना आहे."

मी म्हटलं, "अरे, पण भट्टीशिवाय पाव भाजणार कसे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वैभवनं तो शब्द उच्चारला. आक्का, आता तूही ऐकून घे. बिअर. शेतावरच्या धान्याची बिअर.

तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. ज्या बाईनं पंधरा वर्षांपूर्वी महिला मंडळ घेऊन नाक्यावरचा गुत्ता बंद पाडला आणि गुत्त्याच्या मालकाला त्याच्याच बाकावर बसवून सगळा हरिपाठ म्हणायला लावला, तिच्या सख्ख्या भाच्यानं हे करावं! मी तीन दिवस वैभवशी बोलले नाही. तो मला समजावत होता की बिअर म्हणजे काही दारू नव्हे. मी त्याला एवढंच सांगितलं की हे वाक्य तुझ्या मावशीसमोर बोलू नकोस, दारू ती दारूच. चौथ्या दिवशी परळला त्यांच्या गाळ्यावर डबा घेऊन गेले, कारण न बोलताही डबा देता येतो.

आणि तिथे, आक्का, माझं आयुष्य बदललं. हे मी उगाच लिहीत नाही.

गाळ्याच्या दाराशी पोचते तोच वास आला. शेजारच्या छापखान्याचे धनेश नाकाला रुमाल लावून बाहेर उभे होते. त्यांच्या मते आत घूस मरून पडली होती, आणि ते कुणाला तरी बोलवायच्या बेतात होते. आत घूस नव्हती. शेतावरची नाचणी होती. बिअरच्या धान्याला म्हणे आधी मोड आणावे लागतात, मग ते वाळवून भरडायचं. ह्या दोघांनी परदेशातल्या जवाचे व्हिडिओ बघून तस्संच्या तस्सं नाचणीला केलं होतं. जव केवढा, आपली नाचणी मोहरीएवढी! परदेशी चाळणीतून अर्धी गळून गटारात गेली होती, उरलेली प्लॅस्टिकच्या पिंपात घुसमटून सडली होती. मी डबा खाली ठेवला, पदर खोचला, पिंपात हात घातला आणि मूठभर नाचणी वर काढून वास घेतला. "हे मोड नव्हेत रे बाबांनो, ही बुरशी आहे. तुमच्यापैकी कुणी कधी नाचणीचं सत्त्व केलंय का?"

दोन पदव्यांच्या बुद्धभूषणनं खिशातून वही काढली.

अगं, सत्त्व! जे तू आणि मी आईच्या हाताखाली शिकलो, जे ह्या चाळीतल्या प्रत्येक तान्ह्या पोराला मी चाळीस वर्षं करून दिलं (सेक्रेटरी अजितसुद्धा माझ्याच सत्त्वावर वाढलेत, ठराव मांडायची ताकद तिथूनच आली). नाचणी भिजवायची, पाणी बदलायचं, जुन्या मऊ सुती लुगड्यात बांधून टांगायची, पाण्याचा हबका मारत राहायचं, मोड आले की सावलीत वाळवून मग उन्हात. बुद्धभूषण लिहून घेत होता आणि मधूनमधून म्हणत होता, मावशी, ह्याला माल्टिंग म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत. त्यानं मला समजावलं की बाळाची वाटी आणि त्यांची टाकी ह्यांचा रस्ता शेवटच्या वळणापर्यंत एकच असतो. आक्का, मी घरी येऊन तांदूळ निवडायला बसले. मनात सारखं यायचं, आपण आयुष्यभर अर्धी बिअर करत होतो आणि पोरांना पाजत होतो.

तेव्हापासून मी कामावर आहे. पगार आहे, छापील कार्ड आहे, त्यावर लिहिलंय: सौ. कमल, प्रमुख, मोड विभाग. सहासष्टाव्या वर्षी मला विभाग मिळाला!

विभाग आमच्या गच्चीवर आहे. गाळ्यात ऊन नाही आणि ह्यांची औषधं सोडून मला मुरबाडला जाता येत नाही, म्हणून मोडाचं काम चाळीतच करायचं ठरलं. कमिटीपुढे अर्ज टाकला, 'सत्त्व वाळवण्यासाठी'. (खोटं नव्हे. अपुरं होतं.) बायकांनी जुनी लुगडी आणून दिली, आणि गच्चीच्या दोरीवर रंगीबेरंगी गाठोडी लटकायला लागली. पण मुंबईत धान्य उघड्यावर पसरलं की पहिलं कुणाला कळतं? कबुतरांना. म्हणून राखणीला ह्यांना नेमलं, छत्री आणि काठी देऊन. ज्या माणसानं गिरणीत एकेका पाळीला सूत कातणाऱ्या शंभर चात्यांवर डोळा ठेवला, त्याला बारा कबुतरं आवरेनात. कारण ते अकरा वाजता झोपतात. मी वर गेले तर हे खुर्चीत घोरतायत आणि कबुतरं ह्यांच्याच छत्रीवर ओळीनं बसून ढेकर देतायत. मग मच्छरदाणी शिवून घेतली, नाचणीसाठी. हे म्हणाले, लग्नात मला नव्हती.

प्रितीच्या केकचा आणि अजितच्या पावाचा उलगडा गाळ्यावर पाटी लागली त्या दिवशी झाला. अजित गच्चीवर आले, दोरीवरची गाठोडी एकेक करून मोजली. मला वाटलं, आता विभाग बंद. त्यांनी फक्त विचारलं की हे सगळं बिअरसाठीच का. मी हो म्हटलं, खोटं बोलले नाही. ते म्हणाले, काकू, गच्चीच्या परवानगीचा ठराव रद्द करायला सभा बोलवावी लागेल, त्यापेक्षा राहू दे. चाळीच्या कारभाराचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

आता बिअरचं. पहिला घाणा माझ्या हातून फुकट गेला. बाळाच्या सत्त्वाला वास यावा म्हणून आपण मोड आलेली नाचणी खमंग भाजतो ना, तशी मी भाजली. बुद्धभूषण हळहळला, एवढ्या आचेनं मोडातली साखर करायची ताकदच मरते म्हणे. टाकीत जे झालं ती नुसती पेज होती. पण चव कोण बघणार? मी कधी थेंब घेतलेला नाही, वैभवला सर्दी, आणि बुद्धभूषण स्वतःच्या घाण्याला स्वतः मार्क देणार नाही म्हणाला. म्हणून चव घेण्याच्या जागी ह्यांची नेमणूक झाली. हे लालबागहून परळला डबा घेऊन चालत निघाले, गिरणीच्या दिवसांसारखे, केस विंचरून. दोन पेले घेतले आणि डोलायला लागले. डोळे मिटून भजन सुरू केलं, बुद्धभूषणच्या खांद्यावर हात टाकून त्याला लेकरा म्हणाले. तेवढ्यात त्यानं नळी बुडवून मोजलं, तर त्यात दारूचा अंशही नव्हता. ह्यांना सांगितलं तेव्हा ते सरळ उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, तरीच.

दुसऱ्या घाण्याला भाजणं बंद केलं, तिसऱ्याला कडवटपणासाठी चिमूटभर काडेचिराईत घातलं. (परदेशी फूल लागतं म्हणे कडू चवीला, पण पोरांचा नियम असा की जे आपल्या मातीतलं नाही ते टाकीत नाही.) दोन्ही वेळा हे घोट घेऊन म्हणाले, छान आहे. दोन्ही वेळा बुद्धभूषण टाकीशी वाकला आणि तोंड वाकडं करून उठला. आंबून चक्क शिरका झाला होता. वैभव डोक्याला हात लावून पायरीवर बसला. साठवलेले पैसे संपत आले होते, मुरबाडची नाचणी संपत आली होती, आणि पोरगं माझ्याकडे बघत नव्हतं. मी ह्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, अहो, आंबट लागलं नाही का तुम्हाला? आंबट होतं तर छान का म्हणालात?

हे म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं तुझ्या हातचं सगळं छानच म्हणत आलो. आता एकदम खरं बोलायला जमेना."

आक्का, ह्या माणसावर चिडावं की काय करावं, मला कळेना. पण एक कळलं, की आता चव मलाच घ्यावी लागणार.

चौथ्या घाण्याआधी मी टाक्या आंबिलीच्या मडक्यासारख्या कढत पाण्यानं धुवायला लावल्या, आणि घाण्यात थोडी वेगळी नाचणी मिसळली. (कुठली, ते खाली सांगते. वाचत राहा.) टाकी उघडायच्या दिवशी घरी देवापुढे उभी राहिले, म्हटलं, नोकरी आहे, समजून घे. गाळ्यात स्टुलावर बसले, औषधाचा चमचा घरून नेला होता, तो भरून घेतला. वैभवनं तोंड फिरवलं, आईला पिताना कसं बघायचं म्हणून. आणि आक्का, पहिला घोट जिभेवर पसरला तेव्हा काय आठवलं सांगू? आपली आंबील. उन्हाळ्यात मडक्यात एक दिवस जास्त राहिलेली, जी आई टाकून दे म्हणायची आणि आपण दोघी न्हाणीमागे जाऊन संपवायचो. तीच, फक्त शेवटाला थोडी कडू आणि नाकात फेस. मी दुसरा चमचा मागितला. तिसरा मागितला नाही, विभागप्रमुखाला शोभत नाही. एवढंच म्हटलं, ही झाली. बुद्धभूषणनं मोजलं, चाखलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसला. हे म्हणाले, छान आहे. कुणी लक्ष दिलं नाही.

गेल्या शनिवारी दुपारी गाळ्यात लोकांना बोलावलं. साठ माणसं आली! परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर, शिवाजी पार्कचे निवृत्त साहेब, चाळीतले सगळे. मी अट घातली होती की माझ्या हातून कुणाला दोनच्या वर पेला मिळणार नाही, आणि पहिल्या पेल्याबरोबर थालीपीठ खायचंच. (भरडीतला जो चोथा उरतो, त्याची मी भाजणी करते. उरलेला मुरबाडला गुरांना जातो, गुरांचं शेण नाचणीला. हे म्हणतात, म्हणजे आपण मधल्यामधे फक्त चव बघतो.) तर एक ढेरपोटे गृहस्थ तिसरा पेला मागायला आले. मी म्हटलं, दोन झाले तुमचे, बसा आणि थालीपीठ खा. ते म्हणाले, बाई, तुम्हाला माहीत आहे का मी कोण? मी म्हटलं, दोन पेले झालेले तुम्ही. तिकडे वैभव पांढराफटक. ते कुणी राकेश निघाले, दादरला त्यांचं मोठं हॉटेल आहे, आणि पोरांनी त्यांची महिनाभर मनधरणी करून त्यांना आणलं होतं.

राकेश बसले. तीन थालीपिठं खाल्ली. मग वैभवला बोलावून म्हणाले, "दर महिन्याला पाठवा माझ्याकडे. पण ही जी आज प्यायलो, हीच. चवीत फरक पडला तर परत पाठवीन."

आम्ही चौघं गाळ्यात नाचलो गं. बुद्धभूषणसुद्धा, कोपर न हलवता. चाळीत परत पेढे वाटले, ह्या वेळी सगळ्यांना कारण नीट ऐकू आलं होतं आणि तरी सगळ्यांनी घेतले. आक्का, मी एवढी आनंदात आहे की रात्री झोपेत नाचणी भिजवते. सगळं देवाच्या कृपेनं उत्तम आहे, तुझ्याकडे काहीही मागायचं नाही. फक्त आशीर्वाद असू दे.

तुझी धाकटी,
कमल
(प्रमुख, मोड विभाग)

ता. क. — एक किरकोळ गोष्ट राहिली. चौथ्या घाण्यासारखी चव यायला चौथ्या घाण्यातली नाचणी लागते, आणि ती संपली. मुरबाडची पांढरट आहे, साधी आहे. ती वेगळी नाचणी म्हणजे तांबडी, बारीक, तुझ्या डोंगरउतारावरच्या वरकसातली. तुझ्याशिवाय ते बियाणं आता कुणी ठेवलेलं नाही. तुझ्या कणगीतली तीन पोती हवीत, आणि ह्या पावसाळ्यात डोंगराकडचा पडीक तुकडाही पेरशील का? भाव तू सांगशील तो. मला ठाऊक आहे, तू नाही म्हणू शकतेस. गुत्ता बंद पाडणारीच्या धान्याची बिअर करायची, हे मला सोपं वाटत नाही. म्हणून तर एवढी पानं लिहिली.

ता. क. दुसरा — दिवाळीनंतर ह्यांच्या साखरेसाठी म्हणून तू दहा किलो नाचणी पाठवलीस, आणि मी फोनवर सांगितलं की हे रोज दोन भाकऱ्या खातात. एकही खाल्ली नाही. सगळी टाकीत गेली. रागव.

ता. क. तिसरा — हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं त्यांतला वैभव तू ओळखतेस, उंच तो बुद्धभूषण. तू वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं दोघांना बजावलंय. त्यांना पाणी दे, रात्रीपासून गाडीत आहेत. बुद्धभूषणला तुझा वरकस बघायचाय, माती हातात घेऊ दे त्याला.

ता. क. चौथा (हा टेम्पोत लिहिलाय, अक्षर हललं तर घाट समज) — वर तुला सगळं सविस्तर कळव असं लिहिलंय, ते तसं कळवायची गरज नाही. तू हे वाचशील तेव्हा टेम्पो देवळाजवळच्या वळणावर उभा असेल, आणि आत आम्ही दोघं बसलेलो असू. हे म्हणाले, आधी पत्र जाऊ दे, मग आपण. साठी उलटली तरी तुझ्यापुढे उभं राहायचं म्हटलं की मी अजून चारदा पदर नीट करते. नको असेल तर पोरांना चहा देऊन परत पाठव, मी समजेन आणि काही धरून बसणार नाही. हवं असेल तर अंगणाच्या कडेला येऊन हाक मार. काय बोलायचं त्याचा विचार करू नकोस, नुसतं 'कमळे' म्हणालीस तरी पुरे.